फवारणीची घाई आणि बॅटऱ्यांचं एकत्र चार्जिंग



पावसाने दोन दिवस उघडीप दिली की सगळ्यांना एकदमच फवारणी हवी असते. भातावर खोडकिडा दिसतोय, करपा दिसतोय, आभाळ पुन्हा भरून यायच्या आत ड्रोन फिरवून घ्यायचा असतो. त्या घाईत या हंगामात एक प्रश्न परत परत येतोय: "बाजारात तो बोर्ड मिळतो ना, एका चार्जरवर चार-सहा बॅटऱ्या एकत्र लावायचा, तो घेऊ का?" काही सभासदांच्या घरी तो बोर्ड आधीच आहे. मुलगा काशीद-नागावला लग्नाचे, पर्यटकांचे व्हिडिओ काढतो, त्याच्या छोट्या ड्रोनसाठी आणलेला. घरात आहेच तर फवारणीच्या बॅटऱ्याही त्यावर लावाव्यात, असं वाटणं साहजिक आहे.

उत्तर आधीच सांगतो. मुलाच्या छोट्या बॅटऱ्यांसाठी तो बोर्ड चालतो, अटी पाळून. फवारणी ड्रोनच्या मोठ्या बॅटऱ्यांसाठी नको. त्यात धोका आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याने वेळही वाचत नाही. खाली हिशेब करून दाखवतो, तुम्ही स्वतः पडताळून बघा. मेसेज लांब आहे, रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा.

आधी आपण हातात काय धरतो ते समजून घेऊ. साधारण १० लिटरच्या फवारणी ड्रोनला दोन बॅटऱ्यांचा एक सेट लागतो. बऱ्याच ड्रोनमध्ये यातली प्रत्येक बॅटरी सहा सेलची, २२.२ व्होल्ट आणि १६,००० एमएएच म्हणजे १६ अँपिअर-अवरची असते. (तुमची वेगळी असेल तर तिच्यावर छापलेले आकडे घ्या, हिशेबाची पद्धत तीच.) २२.२ गुणिले १६ म्हणजे साधारण ३५५ वॅट-अवर. नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटाला ड्रोनसोबतच्या मूळ सेटशिवाय आणखी ४ सेट मिळतात. म्हणजे ५ सेट, १० बॅटऱ्या. सगळ्या भरलेल्या असतील तर त्यात साडेतीन युनिट वीज आहे. घरातला साधा पंखा दोन दिवस-रात्र चालेल एवढी वीज, दोन पेट्यांत बंद करून ठेवलेली. ती हळूहळू बाहेर आली तर साधारण पाच एकर फवारणी होते. एकदम बाहेर आली तर आग.

आता सेलचं गणित. या लिथियम-पॉलिमर बॅटरीत, जिला मुलं 'लायपो' म्हणतात, प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्टला असतो. त्याच्या वर जायचं नाही. खाली ३ व्होल्टच्या आत जाऊ द्यायचा नाही, आणि खरं तर उडताना ३.५ च्या आसपासच उतरवून घ्यावं. सहा सेलची बॅटरी पूर्ण भरली की २५.२ व्होल्ट. ही पट्टी फार अरुंद आहे. आपल्या जुन्या शिशाच्या बॅटरीला थोडं जास्त चार्जिंग झालं तर पाणी उडतं, वास येतो, आपण पाणी भरतो. लायपोला ४.२ च्या वर रेटत राहिलं तर आत वायू तयार होतो, ती फुगते, आणि पुढची पायरी आगीची.

दोन बॅटऱ्या एकत्र जोडल्यावर काय होतं?

पॅरलल बोर्ड म्हणजे सगळ्या बॅटऱ्यांचा प्लस एकत्र, मायनस एकत्र. चार्जरच्या दृष्टीने ती एकच मोठी बॅटरी. ऐकायला सोपं. पण चार्जर चालू करण्याच्या आधीच, बॅटऱ्या बोर्डला लावताक्षणी, त्या एकमेकींशी बोलायला लागतात.

खारजमिनीवाल्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही. बांधाच्या बाहेर भरती आहे, आत पाणी खाली आहे, आणि कुणी उघाडीची दारं एकदम उघडली, तर काय होईल? पाणी शांतपणे आत येत नाही, उसळत येतं, बांधाची माती घेऊन येतं. आत-बाहेर पाण्याची पातळी सारखी असताना दारं उघडली तर काहीच होत नाही. बॅटरीचं तेच. व्होल्टेज म्हणजे पाण्याची पातळी. एक बॅटरी ४.१ व्होल्ट प्रति सेलवर आणि दुसरी ३.७ वर असेल तर सहा सेलचा मिळून फरक २.४ व्होल्ट. दिसायला काहीच नाही. पण या बॅटऱ्यांचा आतला विरोध इतका कमी असतो, दोन्ही बॅटऱ्या आणि वायरी धरून जेमतेम पाव-एक दशांश ओहम, की एकदम ८० ते १०० अँपिअरच्या घरात करंट एका बॅटरीतून दुसरीत धावू शकतो. गावातला फॅब्रिकेशनवाला साध्या रॉडने वेल्डिंग करतो तेव्हा जवळपास एवढाच करंट असतो. जी बॅटरी तुम्ही चार्जरवरून १६ अँपिअरने भरता, ती शेजारणीकडून काही क्षण त्याच्या पाच-सहापट वेगाने भरली जाते. आणि यात चार्जरचा काही संबंधच नाही, त्यामुळे चार्जरचं कुठलंही संरक्षण कामाला येत नाही.

"दोन्ही आत्ताच उतरल्यात, सारख्याच असणार," हा अंदाज इथे चालत नाही. एक सेट भरल्या टाकीने उडाला, दुसरा अर्ध्या टाकीने. एक सेट मागच्या वर्षीचा, दुसरा नवा. पातळी मोजल्याशिवाय कळत नाही.

वेळेचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. समजा तुम्ही बांधावर सकाळी ७ वाजता सुरुवात केली. एक सेट १०-१२ मिनिटं उडतो, साधारण एक एकर होतो. औषध भरणं, बॅटरी बदलणं, जागा बदलणं धरून दर २० मिनिटांनी एक फेरी. पाच सेटची पाचवी फेरी ८.२० ला सुटते.

पहिला सेट ७.१२ ला उतरला. तो गरम असतो. गरम बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, हे मी तुम्हाला शंभरदा सांगेन. सावलीत अर्धा तास जाऊ द्या, हाताला साधी लागली पाहिजे. ७.४० ला चार्जरवर लावली. १६ अँपिअरने, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेइतक्याच करंटने, जवळपास एक तास. ८.४० ला तयार. तुमची सहावी फेरी कधी आहे? ८.४० ला. दुसरा सेट दुसऱ्या चार्जरवर, ९ ला तयार, फेरीही ९ लाच. (योजनेच्या पॅकेजमध्ये दोन बॅटऱ्या वेगवेगळ्या भरणारे ड्युअल चॅनेल चार्जर दोन मिळतात, ते धरलेत.) पुढचे दोन सेट चार्जर मोकळा व्हायची वाट बघतात, त्यांच्या फेऱ्या ९.४० ला आणि १० ला. म्हणजे दहा वाजेपर्यंत नऊ फेऱ्या सुटल्या.

बॅटऱ्या अजिबात कमी पडल्या नसत्या तर किती सुटल्या असत्या? दर २० मिनिटांनी, ७ ते १०, दहा फेऱ्या. फरक एका फेरीचा. आणि दहा-साडेदहाला किनाऱ्यावर वारा असा धरतो की औषध भातावर कमी आणि शेजारच्या वाडीत जास्त जातं. तेव्हा तसंही थांबायचंच असतं.

ती एक फेरी तरी पॅरलल बोर्डने मिळेल का? नाही. कारण बोर्ड वीज तयार करत नाही. चार्जरची एक बाजू ४०० वॅटची असेल तर ती एका मोठ्या बॅटरीला १६ अँपिअर देते. बोर्ड लावून त्याच बाजूला दोन बॅटऱ्या जोडल्या तर प्रत्येकीला ८ अँपिअर मिळणार आणि दोघींना मिळून दोन तास लागणार. एकीनंतर एक लावली असती तरी दोन तासच. उलट एकीनंतर एक लावली तर पहिली तासाभरात हातात येते. एकत्र लावल्यावर दोन तास कुठलीच मिळत नाही. म्हणजे बोर्डवर खर्च करून काम मागे पडलं.

कुणी म्हणेल, मोठा चार्जर आणतो, ३२ अँपिअर सोडतो, दोन्ही तासात भरतील. तिथे दुसरा धोका आहे. दोघींना मिळून ३२ अँपिअर चालू असताना एकीचा जॅक सैल झाला, तर चार्जरला कळत नाही. तो सगळे ३२ अँपिअर उरलेल्या एकीत ओतू लागतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत जॅक सैल होणं, काळे-हिरवे पडणं ही रोजची गोष्ट आहे. म्हणून मोठ्या बॅटऱ्यांना प्रत्येकीला आपली स्वतंत्र बाजू, स्वतंत्र वायर. ज्या बॅटरीवर बटण आणि चार दिवे असतात, म्हणजे जिच्या आत स्वतःचं सर्किट आहे, ती तर फक्त तिच्या कंपनीच्या हबवरच. हबवर चार बॅटऱ्या दिसतात तरी बरेचसे हब त्यांना आळीपाळीने भरतात. हब आणि पॅरलल बोर्ड एकच आहे, असा खूप जणांचा समज आहे. तसं नाही.

मग मुलाच्या छोट्या बॅटऱ्यांना का चालतं?

कारण तिथे गणित उलटं आहे. चार सेलची १,५०० एमएएचची बॅटरी तिच्या क्षमतेइतक्या करंटने भरायला जेमतेम २५ वॅट लागतात. चार्जर तीनशे वॅटचा. एकेक लावली तर सहा बॅटऱ्यांना सहा तास आणि चार्जर बसून. सहा एकत्र लावल्या तर ९ अँपिअर, दीडशे वॅट, एका तासात काम. इथे बोर्डचा खरा उपयोग आहे, म्हणून तो हौशी ड्रोनवाल्यांमध्ये रुळला. पण पोरांना चार गोष्टी विचारा, आणि उत्तर नीट आलं नाही तर बोर्ड कपाटात ठेवून द्या.

सगळ्या बॅटऱ्यांचे सेल सारख्या संख्येचे आहेत का? तीन सेलची आणि चार सेलची एकत्र लावली तर तीनवाली जास्त भरून पेटू शकते. प्रकार एकच आहे का? लायपो ४.२ ला भरते, एचव्ही लिहिलेली ४.३५ ला, लोह-फॉस्फेटची ३.६५ ला, यांची खिचडी नाही. लावण्याआधी प्रत्येकीचं व्होल्टेज मोजलं का? प्रति सेल ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको असं सगळे सांगतात, मी ०.०५ धरा म्हणेन, कारण आपले स्वस्तातले मीटर तेवढी चूक स्वतःच करतात. सेल मोजायचं छोटं मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं, बॅटरीच्या पांढऱ्या बारीक जॅकला लावायचं, एकेका सेलचा आकडा दाखवतं.

चौथी गोष्ट जोडण्याचा क्रम. आधी जाड वायरचे जॅक, मग दोन-चार मिनिटं थांबून बारीक पांढरे जॅक. उलटं केलं तर पातळी सारखी होण्याचा सगळा करंट त्या केसासारख्या वायरींतून जातो आणि त्या वितळतात. फ्यूज असलेला बोर्डच घ्या, आणि एका वेळी चारपेक्षा जास्त नकोत. सहा लावायची जागा आहे म्हणून सहा लावायलाच पाहिजेत असं नाही.

आणि जी बॅटरी आपटली आहे, पाण्यात पडली आहे, थोडी जरी फुगली आहे, किंवा जिचा एखादा सेल बाकीच्यांपेक्षा सारखा मागे राहतो, ती कधीच एकत्र लावायची नाही. एकत्र जोडल्यावर चार्जरला सगळ्यांचा मिळून एकच आकडा दिसतो. आजारी सेल निरोगी सेलांच्या मागे लपतो. स्वतंत्र लावला असता तर चार्जरने तिथेच चूक दाखवली असती.

ज्यांच्याकडे ड्रोन नाही त्यांच्यासाठी

बॅटरीचा पाठीवरचा पंप तर निम्म्याहून जास्त घरांत आहे. दोन पंपांना एकच चार्जर, म्हणून वायर कापून दोन पिना काढलेल्या मी बघितल्या आहेत. ते पॅरललच झालं, वर सांगितलेलं सगळं त्याला लागू. त्याहून वाईट म्हणजे चार्जरची अदलाबदल. जुन्या पंपात १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते, तिचा चार्जर १४ व्होल्टच्या वर जातो. नव्या काही पंपांत तीन सेलची लिथियम बॅटरी असते, तिला १२.६ च्या वर एक पॉइंटही नको. पिन दोघांची सारखीच बसते. शिशाचा १४.४ व्होल्टचा चार्जर तीन सेलच्या लिथियमला लावला तर प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट जाऊ शकतात. आतलं सर्किट वाचवेल तर वाचवेल, आणि स्वस्त पंपात ते सर्किट किती विश्वासाचं असतं ते तुम्हीच ठरवा. आज रात्रीच एक काम करा: चार्जर आणि पंप दोघांवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावा. काळ्याला काळा, लालला लाल. फवारणीला येणाऱ्या गड्यालाही कळेल.

वीज कुठून घेता?

ड्रोनच्या चार बॅटऱ्या दोन चार्जरवर एकाच वेळी भरताना सुमारे १,६०० वॅट बॅटऱ्यांत जातात, चार्जरची गळती धरून १,८०० च्या आसपास. २३० व्होल्टला ८ अँपिअर. आपल्याकडे संध्याकाळी दाब १९० वर येतो तेव्हा साडेनऊ. म्हणजे टीव्हीच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर, मोबाइलच्या एक्स्टेंशन बोर्डवरून हे काम होणार नाही. बोर्ड मऊ पडेल. १६ अँपिअरचं पॉवर सॉकेट, पंपाला वापरतो तशी अडीच एमएमची वायर, आणि वायरचं भेंडोळं पूर्ण उलगडलेलं. गुंडाळून ठेवलेल्या वायरवर लोड टाकला की ती आतल्या आत तापते.

बांधावर जनरेटर वापरत असाल तर अडीच-तीन केव्हीएचा हवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडच्या गावांनी कित्येक आठवडे अंधारात काढले. जनरेटरची किंमत तेव्हा सगळ्यांना कळली. पण त्याचं व्होल्टेज लोड बदलला की उडी मारतं. आधी जनरेटर चालू करून दोन मिनिटं स्थिर होऊ द्या, मग एकेक चार्जर. बंद करताना उलटा क्रम, आधी चार्जर. पेट्रोल संपून आपोआप बंद पडायची वाट बघू नका. आणि पाऊस आहे म्हणून जनरेटर पडवीत आणून चालवू नका, त्याचा धूर माणसं मारतो.

जागा

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. शेजारी झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये तमिळनाडूत वेल्लोरला रात्री चार्जिंगला लावलेली गाडी पेटली, बाप आणि मुलगी धुराने गुदमरून गेले. फवारणी ड्रोनचे दोन सेट मिळून जवळपास एका छोट्या ई-स्कूटरच्या बॅटरीएवढी ताकद होते. या दोन्ही ठिकाणी घात केला तो वेळेने आणि जागेने: रात्र, सगळे झोपलेले, घराच्या आत.

म्हणून रात्री झोपताना चार्जिंग नाही. पहाटे फवारणी असेल तर संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत, कुणीतरी जागं आणि समोर असताना. सोबत म्हातारी आई आहे, एवढं पुरेसं नाही. मेन स्विच कुठे आहे ते माहीत असलेला माणूस हवा.

जागा घराबाहेरची, पण पावसाच्या माऱ्यातली नाही. जांभ्याची फरशी किंवा सिमेंटचा कोबा चांगला. लाकडी माळा, पेंढ्याची उडवी, बारदान, सुकं खोबरं, सुपारीच्या गोणी, औषधांची खोली यांच्यापासून दहा-बारा फूट लांब. कौलाखाली चालेल, झावळ्यांच्या मांडवाखाली नाही. प्रत्येक सेट वेगळ्या लोखंडी पेटीत, झाकण नुसतं टेकवलेलं. कडी लावून घट्ट बंद केलं तर आत वायू कोंडून पेटी फुटते. थंड व्हायला ठेवताना माडाखालची सावली तेवढी टाळा. हसू नका, लायपोवर नारळ पडला तर खिळा ठोकल्यासारखंच आहे.

खारी हवा आणि खारं पाणी

जॅकवर हिरवट थर दिसला की तिथे विरोध वाढतो आणि करंट जाताना तो जॅक तापतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारून मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या. सँडपेपरने घासू नका, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या महिन्यात दुप्पट गंज. वापरात नसताना जॅकला टोपी.

बॅटरी खाडीच्या किंवा खाजणाच्या पाण्यात पडली तर ती संपली असं धरा. वाळवून बघू, चार्ज होते का बघू, हा प्रयोग नको. मीठ आत राहतं आणि काही दिवसांनीसुद्धा आतून शॉर्ट होऊ शकतं. सप्टेंबर २०२२ च्या इयान वादळात अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी शिरलेल्या इलेक्ट्रिक गाड्या पाणी ओसरल्यावर कित्येक दिवसांनी पेटल्या होत्या. अशी बॅटरी उघड्यावर, घरापासून लांब ठेवा आणि कळवा.

पेटलीच तर

आधी फुगते, मग फुसफुस आवाज आणि गोडसर उग्र वास, मग पांढरा धूर. धूर दिसेपर्यंत थांबू नका. फुगलेली दिसली की मेन स्विच बंद. हाताने उचलून बाहेर फेकायला जाऊ नका, त्या दोन-चार सेकंदांतच ती हातात पेटते. धुरात विषारी वायू असतो, तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग नाही, वाऱ्याच्या बाजूला उभं राहा. कोरड्या वाळूच्या दोन बादल्या जवळ असू द्यात, आग पसरू नये म्हणून. समुद्रावरची ओली खारट वाळू नको. वीज तोडल्याची खात्री असेल तर लांबून भरपूर पाणी मारलेलं चालतं, त्याने शेजारच्या बॅटऱ्या थंड राहतात. थोडंसं पाणी शिंपडून काही होत नाही. लाल सिलिंडरच्या पावडरने ज्वाळा दबतात, पण आतला सेल तापलेलाच राहतो आणि परत पेटतो, म्हणून विझल्यावरही तासभर कुणी जवळ जाऊ नये. फोन १०१ किंवा ११२.

हंगामात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडणार असेल तर बॅटऱ्या भरून ठेवू नका. पाऊस लागून राहिला आणि पाचही सेट आठवडाभर २५.२ व्होल्टवर भरलेले, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. त्याने त्या फुगतात. चार्जरमध्ये 'स्टोरेज' असा पर्याय असतो, तो लावून प्रति सेल ३.८ ते ३.८५, म्हणजे सहा सेलच्या बॅटरीला साधारण २३ व्होल्टवर आणून ठेवा. महिन्यातून एकदा मोजा. प्रत्येक बॅटरीला मार्करने नंबर घाला आणि एक वही करा: तारीख, नंबर, उडायच्या आधीचे आणि नंतरचे सेलचे आकडे. दोन महिन्यांत वहीच सांगेल कुठली बॅटरी कामातून जातेय. १० लिटर घेऊन आधी १२ मिनिटं उडणारा सेट ९ मिनिटांवर आला की त्याला फवारणीतून काढा.

काढलेल्या, फुगलेल्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका, जमिनीत पुरू नका, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा जो व्हिडिओ फिरतोय तेही करू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीची आहे; ड्रोन घेतलेल्या विक्रेत्याकडे बिल दाखवून मागणी करा. तिथे दाद लागली नाही तर आपल्या संकलन केंद्रात कळवा. पण आणण्याआधी फोन करा, जॅकच्या दोन्ही टोकांना वेगवेगळी इन्सुलेशन टेप लावा आणि गाडीच्या डिकीत नाही, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून आणा.